आबांची पाठ

कळसाडी, ता. शहादा
२३ नोव्हेंबर

प्रिय भूपेंद्रदादा,

काजलचा नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. फोनवर बोलावं तर आबा शेजारीच बसलेले असतात. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे?

आपल्याकडे उतरलेल्या फ्रेंच दिग्दर्शकाची तू फार थट्टा केलीस. लुसियाँ त्याचं नाव, आबा ‘लुशाभाऊ’ म्हणतात. सत्तरीचा म्हातारा, भाकरी आवडीने खातो. आबांवर सिनेमा काढतोय आणि मी त्याची दुभाषी. शाळेत शिकवते तेवढ्या इंग्रजीवर भागतं. आबा तर कडक इस्त्रीची टोपी घालून कापूस वेचतात.

गेल्या आठवड्यात त्याचे जुने सिनेमे मोबाइलवर बघितले. पहिला त्याच्या वडिलांवर, पाव भाजायचे ते. त्याला बक्षीस मिळालं आणि याचं नाव झालं. मग एक कोळी, एक मेंढपाळ, डोंगरातली एक विधवा. चाळीस वर्षं हेच करतोय. प्रत्येक सिनेमाच्या शेवटी तो माणूस पाठमोरा चालत जातो आणि पडद्यावर त्याच्या मरणाची तारीख येते. एकही सुटला नाही, दादा.

मी त्याला सरळ विचारलं. शांतपणे म्हणाला, “मी कुणाचं काही करत नाही. मला पाठीवरून कळतं.” आबांची पाठ त्याला शहाद्याच्या बाजारात दिसली होती.

आबांना मी काही बोलले नाही. पण ते काय खुळे आहेत? लुसियाँ सारखा त्यांच्या पाठीकडे बघत असतो. “हाऊ मन्हा पाठले काय देखी ऱ्हायना?” म्हणून विचारत होते. मी म्हटलं, तिकडून उजेड चांगला येतो.

हे लिहिणार नव्हते, पण आबांचे सदरे ढगळ झालेत. मायने गुपचूप उसवून आत घेतले. दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येतात.

काल सकाळी शेतात निघण्याचा शॉट होता. आबा ओट्यावरून उतरले, मायकडे वळले आणि म्हणाले, “चाल, जास मी.”

निघताना ‘येतो’ म्हणायचं, ते आपलं ‘येस’ नाही म्हणाले. ‘जास’ म्हणाले. लहानपणी तुझ्या तोंडून हा शब्द निसटला तर आबा तुला उंबऱ्यातून परत बोलवायचे. मायने पदर तोंडाला लावला. लुसियाँने मला विचारलं, काय म्हणाले? मी खोटं सांगितलं, ‘येतो’ म्हणाले. तो माझ्याकडे बघतच नव्हता. मायच्या तोंडाकडे बघत होता.

मला फार भीती वाटते, दादा. जीभ घसरली की मुद्दाम म्हणाले, हे आबांना विचारायचीसुद्धा भीती वाटते.

लुसियाँचं परतीचं तिकीट उद्याचं होतं. आज त्याने ते रद्द केलं. तू तुझं काढ.

तुझी वाट बघणारी,
काजल