भरल्या गाडीचं माप

उस्ताद, अंगणात गाडी उभी आहे, पोरगी डिझेल आणि किराणा आणायला हायवेवर गेली आहे, आणि मला कुणाशी तरी बोलायचं आहे. हे ज्याला कळेल असं जिवंत माणूस माझ्या ओळखीत उरलं नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. माझी शाळा चौथीपर्यंतची, आणि तुम्ही तर उर्दूच वाचायचे, मराठी पाटीवरचं गावाचं नावसुद्धा मला विचारायचे. तरी लिहितो. ती चार वाजेपर्यंत येईल, गाडी जीपला जोडेल आणि जाईल. त्याआधी मला तिला एक गोष्ट सांगायची आहे आणि तोंड उघडत नाही.

पोरगी म्हणजे माझी धाकटी. तुम्ही तिला पाळण्यात पाहिलं होतं, आणि तुमच्या घरच्यांनी, आमच्या चाचींनी, तिच्यासाठी झबलं शिवलं होतं. ती आता माळावरच्या लांडग्यांचा अभ्यास करते. लोक विचारतात पोरगी काय करते, तर मी सरकारी काम आहे म्हणून मोकळा होतो, कारण लांडगे बघायचा पगार मिळतो हे कुणाला पटत नाही. महिना महिना ती आणि तिच्यासोबतची एक मुलगी माळावर राहतात. जीपच्या सीटवर झोपून झोपून तिची कंबर धरली. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "आबा, तुम्ही जन्मभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या केल्या. मला एक झोपायची गाडी करून द्या. जीपच्या मागं ओढत नेता येईल, दगडाधोंड्यातून, नाल्यातून जाईल अशी." वेल्डिंग सोडून मला सहा वर्षं झाली होती. तरी मी व्हय म्हणालो. उस्ताद, मला व्हय म्हणायची फार घाई असते.

सांगाडा झाला, पत्रा झाला, आत दोन माणसांचं अंथरूण, शेगडीची जागा, मागच्या बाजूला पाण्याची टाकी. सगळं महिनाभरात उरकलं आणि टायरपाशी येऊन मी अडकलो. बारा दिवस गाडी विटांवर, चाकांशिवाय. तिला जीपचीच टायरं पाहिजेत. तिचं म्हणणं चूक नाही. सगळीकडं एकच माप असलं की एका स्टेपनीवर दोन्हीचं भागतं, आणि मोठं चाक दगडावरून सहज चढतं, काळ्या रानात कमी रुततं. मला मात्र पाण्याच्या टँकरला लावतो ती लहान टायरं बरी वाटायची. मोठ्या टायरानं गाडी उंच होते, उंच गाडी कलते, आणि तिच्यात माझी पोरगी झोपणार आहे. मी रोज सकाळी ठरवायचो आणि दुपारी मोडायचो. तिच्यासोबतची मुलगी लातूरकडची आहे, लई फटकळ. परवा म्हणाली, "काका, चंद्रावर पाठवायचीय का गाडी? सांगा, तसे कपडे आणते." दोघी खूप हसल्या. मीही हसलो. शेवटी मोठी टायरं लावली आणि उंची कमी करायला एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांच्या वर घेतला, म्हणजे सांगाडा खाली बसला. जीपला जोडून बघितलं तर गाडी सरळ रेषेत. टायर आणि मडगार्डच्या मध्ये चार बोटं जागा. छान दिसली. पण ती रिकामी होती, उस्ताद.

तुमचं भूम गावचं दुकान, जिथं मी काम शिकलो, मला जसंच्या तसं दिसतं. दारासमोर लिंब आहे, आत भाता आहे, आणि डाव्या हाताची ती भिंत, कोळशाच्या रेघांनी भरलेली. लाकडी चाकाच्या गाड्या सोडून लोक टायरगाड्या करून घेत होते तेव्हाची गोष्ट. जो गाडी करायला येईल त्याचे बैल तुम्ही भिंतीशी उभे करायचे आणि त्यांच्या मानेच्या उंचीवर रेघ ओढायचे. शेजारी खूण, कुणाची विळ्याची, कुणाची घागरीची. चाकाचं माप त्या रेघेवरून धरायचं. तरी गाडी तयार झाली की बैल जुंपायला लावायचे, गाडीत सहा-सात माणसं बसवायचे आणि मग पुन्हा माप घ्यायचे. पहिल्या वर्षी मी रिकाम्याच गाडीला माप लावत होतो, तर तुम्ही हातातला पाना आपटला. "रिकामी गाडी तुला काय सांगणार? तिच्यात माणसं बसू दे, मग विचार तिला." त्या दिवशी मी जेवलो नाही. चाचींनी भाकरीवर ठेचा ठेवून ताट माझ्यासमोर सरकवलं आणि तुमच्याकडं बघून म्हणाल्या, "पाने का क्या गुनाह था?" तुम्ही हसलात. मला आज ते हसणंसुद्धा सोसत नाही.

मग तो सोनारीच्या देवाला निघालेला माणूस. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, लग्न झालेलं, स्वतःला अर्धा उस्ताद समजणारा. तुम्ही तीन दिवस सोलापूरला गेला होता. त्याला वाटेतल्या नाल्यासाठी ट्रकची मोठी टायरं पाहिजे होती. भिंतीवर त्याची रेघ होती, चांगली उंच, खिलारी जोडीची. मी तिच्यावरून माप धरलं आणि मोठी टायरं लावली. बैल जुंपले नाहीत. त्याला घाई होती, मलाही होती. त्यानं ती जोडी उन्हाळ्यात विकून बुटकी जोडी घेतली होती, हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही. संध्याकाळी तुम्ही आलात, हातपाय धुता धुता विचारलंत, "क्या रे, बैल जुंपून बघितले का?" मी म्हणालो, "व्हय."

मागं चाकं उंच, पुढं बैल बुटके. गाडी नाकावर आली. अशा पुढं जड झालेल्या गाडीला आपण धुरजड म्हणायचो. सपाटीला चालून गेली. उतारावर सगळं ओझं बैलांच्या मानेवर आलं, डावा बैल गुडघ्यावर बसला आणि गाडी उलटली. बैल गेला. त्या माणसाचा पाय गाडीखाली सापडला, तो पुढं कधी सरळ झाला नाही. बायकापोरं आधीच उतरून चालत होती, म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी त्याचे भाऊबंद दुकानावर आले. एकजण ओरडत होता, "उस्ताद, तुमच्या हातची गाडी म्हणून लेकरं बसवली हो आमी!" मी भात्यामागं उभा होतो. तुम्ही डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणालात, "नाप मेरा था. गलती मेरी." बाकी काही नाही. ते गेल्यावर तुम्ही ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवरच्या सगळ्या रेघा पुसल्या, एकूण एक. मला वाटलं रागानं पुसताय. पुढं कितीतरी वर्षांनी उमगलं की तुम्हाला कळलं होतं. माप भिंतीवरून घेतलं हे कळल्याशिवाय कुणी भिंत पुसत नाही. तरी तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाही. त्या वर्षापासून गाड्या करून घ्यायला लोक दुसरीकडं जायला लागले आणि तुम्ही बादल्यांना बूड लावत बसलात. मी येरमाळ्याला स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा तुम्ही तुमची खुणांची मापकाठी मला दिली. दोन्ही हातांनी दिली. मी घेतली! कसा घेऊ शकलो?

आता आज सकाळचं ऐका. ती गाडीभोवती फिरली, टायरावर हात मारला आणि म्हणाली, "आबा, टाकी भरून, सामान ठेवून बघितलं ना?" मी म्हणालो, "व्हय."

का म्हणालो ते मला सांगता येत नाही. पाण्याच्या मोटारीला लाईट नव्हती, टाकी बादल्यांनी भरावी लागली असती आणि माझ्या कमरेनं ते झालं नसतं. लांडगीनं पिल्लं घातली आहेत, उशीर झाला तर ती जागा बदलेल, असं पोरगी चार दिवस सांगते आहे. बारा दिवस मी तिला रखडवलं होतं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही कारण नाही. तिनं विचारलं आणि तोंडातून तोच शब्द निघाला, चोवीस वर्षांच्या माणसाचा. ती निघून गेली तेव्हापासून मी टायर आणि मडगार्डमधल्या त्या चार बोटांकडं बघत बसलो आहे. भरल्यावर किती उरतील? खड्ड्यात आदळली तर? टायर पत्र्याला घासून फाटलं आणि गाडी उतारावर असली तर? माळावर फोन लागत नाही. उस्ताद, तुम्ही असता तर म्हणाला असता, माझं माप. आता म्हणायला कुणी नाही.

जीप वाजली. उठतो.

पुन्हा लिहायला बसलो आहे. दिवस कलला. मी दारातच तिला म्हणालो, "माय, सकाळी मी खोटं बोललो. भरून बघितलेली नाही." तिनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "मग आता बघू की. त्यात रडायला काय झालं?" मला कळलंही नव्हतं की मी रडतोय. दोघींनी बादल्या भरून टाकी भरली, सिलिंडर ठेवला, पुस्तकं, दुर्बिणी, तांदूळ ठेवले आणि आत जाऊन बसल्या. चार बोटांची दीड बोटं राहिली. लातूरकडची म्हणाली, "उडी मारून बघू का काका?" आणि मारली. गाडी दबली आणि पत्रा टायराला घासला. काळा डाग उमटला.

जीपच्याच रिंगवर एक नंबर लहान टायर बसवायचं ठरलं. नटबोल्ट तेच, म्हणजे अडल्यावेळी जीपची स्टेपनी हळूहळू चालवत आणता येईल. शिवाय मडगार्ड कापून दोन बोटं वर घ्यायचे. किती ओझं पेलतं ते टायरावर लिहिलेलं असतं, ते तीच वाचून बघणार आहे, मला ते बारीक आकडे दिसत नाहीत. उद्या दुपार होईल. लांडगी जागा बदलते की काय, तिचं तिला माहीत. पोरगी रागावलेली नाही. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाली, आणि मग चहा ठेवताना, "असं कधी केलं नव्हतं ना तुम्ही आबा? तुमचं वय झालं आता."

तो पाय ओढत चालणारा माणूस अजून आहे, उस्ताद. भूमच्या बाजारात दिसतो. मी रस्ता बदलतो. त्याला अजून वाटतं की ते माप तुमचं होतं, आणि तुमचं नाव निघालं की तो थुंकतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

पोरगीनं चहा ठेवताना ते विचारलं तेव्हा मी कप विसळत होतो. म्हणालो, "न्हाय गं, कधीच न्हाय."