काचेच्या शेगडीवर तुमचं पित्र

अहो मालक,

पोचल्याची खुशाली कळवायचं विसरलात ना? वर्ष होऊन गेलं! चुन्याची डबी हातात धरून घरभर तीच हुडकणारा माणूस तुम्ही. बायको कुठे ठेवली हे तरी ध्यानात आहे का? नागापूरला, आपल्या बाळूच्या खोलीत. मी सांगतेय आणि सूनबाई लिहितेय. मी ‘हाय’ म्हणते, ती ‘आहे’ लिहिते. चालू द्या.

उद्या तुमचं पित्र, म्हणून आज लिहिणं आलं. नैवेद्य चुलीवर होणार नाही. धुरानं छाती भरते म्हणून डॉक्टरांनी मला चुलीपुढून उठवलं, आणि गॅसचा नंबर काही लागत नाही. बाळूच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला परदेशी साहेब जाताना आपली विजेची शेगडी देऊन गेला. वरून सगळी काळी काच. ना जाळ, ना धूर!

आणि तुम्ही? गावच्या मास्तरांकडची विजेची शेगडी बघून काय बोलला होतात? “असलं अन्न मेलो तरी शिवायचो न्हाई!” तेवढं मात्र विसरला नसाल. उद्या कावळा घासाला शिवला नाही तर मी काय करू?

पहिल्या दिवशी चुकलेच. चपट्याच भाकरी झाल्या, बटण बंद केलं, आणि चूल पोतेरायच्या सवयीनं ओलं फडकं काचेवर फिरवलं. चर्र! वाफेनं बोटं पोळली.

सून धावली. “अवो आत्याबाई, तो लाल दिवा विझेपर्यंत हात लावायचा नाही!”

“बंद केलं की गं!”

“बंद केलं तरी धग राहते.”

हे तिनं मला शिकवावं? जाळ मागे ओढून, शेजारच्या वैलावर नुसत्या धगीनं आमटी शिजवली ती कुणी? मग काय, आता उकळी आली की झाकण घालते, बटण बंद करते. राहिलेली आमटी आपली आपण शिजते. सून मीटर बघून खूश!

पण तुमचं पातेलं! बेलापूरच्या बाजारातून आणताना सायकलीवरून पाडलंत, बूड फुगलं. “काय हुतंय त्याला?” म्हणालात. चुलीवर चाललं हो. काचेवर ते भोवऱ्यासारखं फिरायचं आणि पाणी कोमटच. बूड टेकलं तरच धग चढते. शेवटी बाळूनं ते ठोकून सपाट करून आणलं. तुमची चूक निस्तरायला तीस वर्षं लागली!

घोर होता भाकरीचा. निखाऱ्यांचा आर नाही तर फुगणार कशी? काल सपाट तव्यावर फडक्यानं कडा दाबत बसले. फुगली! टम्म! सूनबाई हसली, आणि मला तव्यावरची पहिली भाकरी पळवणारे तुम्ही दिसलात.

तेव्हा उद्या हट्ट नको. पत्र्यावर घास ठेवीन, गुमान शिवा. नाही शिवलात तर गावी जाऊन चूल पेटवीन आणि खोकत खोकत तुमच्याकडेच येईन. तिथे तरी निवांत राहायचंय ना?

शिवलात तर वचन देते: दर पित्राला पहिली भाकरी तुमचीच, टम्म फुगलेली.

तुमची
कोंडाबाई
(अंगठा माझा, अक्षर सूनबाईचं)

ता. क. वांगं मात्र काचेवर भाजत नाही. तिकडे चूल असेलच. आरात भाजलेलं एक भरिताचं वांगं धाडा. मीठ घालू नका, मी घालीन. तुम्ही विसरून दोनदा घालता.