बाई एक, पाठमोरी

३ नोव्हेंबर
आले एकदाची. वरोऱ्याहून चंद्रपूर, तिथून गोंडपिपरी, आणि पुढे केंद्राच्या जीपने मोहाटोला. आई निघेपर्यंत म्हणत होती की डोळ्यांनी दिसत नाही त्या पोरीने जंगलात नोकरी कशाला करायची. मी म्हटलं, जंगल पाहायला नाही, वाचायला चालले.

आमचं वन्यजीव अभ्यास केंद्र म्हणजे तीन खोल्या आणि एक पडवी. एका खोलीत ऑफिस, एकीत मी, एकीत चूल. स्वयंपाकाला सुगंधाबाई गावातून येतात. आल्या आल्या त्यांनी माझा हात धरून पायऱ्या, विहीर, संडास, सगळं दाखवलं. दुपारी भात आणि वालाच्या शेंगांची भाजी. दोनदा वाढून घेतली.

५ नोव्हेंबर
काम समजलं. जंगलात झाडांना चौदा कॅमेरे बांधलेत. एक नंबर केंद्राच्या जवळ, चौदा नंबर पार आत. समोर काही हललं की फोटो निघतो. केंद्राचे मदतनीस कोलूभाऊ मडावी त्यांतली कार्डं काढून आणतात. एक प्रोग्राम प्रत्येक फोटोखाली वर्णन लिहून सगळ्याचा एक दस्तऐवज करतो. तो दस्तऐवज माझा स्क्रीन रीडर मोठ्याने वाचतो, मी ऐकते आणि तक्त्यात भरते. चितळ तीन. रानडुक्कर एक. काहीच नसलं तर ‘रिकामे’. रिकामे फोटो पुढे कोणी उघडत नाही. वाघ निघाला तर लगेच कोलूभाऊंना सांगायचं, म्हणजे ते गावाला त्या वाटेने जाऊ देत नाहीत.

माझ्या रीडरचा वेग मी फार ठेवते. सवय आहे. सुगंधाबाई दारात थांबून ऐकत होत्या. म्हणाल्या, “हे वाचून राह्यलं का फोडणी घालून राह्यलं?”

९ नोव्हेंबर
आज एक गंमत झाली. कॅमेरा चौदा. रीडर म्हणाला, “चित्र. मातीची वाट. बांबू. बाई एक, पाठमोरी.” तिथवर कोणी जात नाही, म्हणून कोलूभाऊंना फोटो पाहायला लावला. ते म्हणाले, “निस्ती वाट हाय, ताई. मशीनले वारूळ अस्वल दिसते. गवत बाई दिसली असंन.” आम्ही हसलो. मी ‘रिकामे’ लिहिलं.

१० नोव्हेंबर
सोमवार, म्हणून चंद्रपूरहून हेमराज सर आले. ते केंद्राचे प्रमुख. कालची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. रागावले नाहीत, पण विचारलं की हे काम मला एकटीला जमेल ना, की सोबत डोळस माणूस लागेल. मी म्हटलं, जमेल. नोकरी अजून कच्ची आहे माझी. आता मशीनच्या चुका घेऊन कोणाकडे जाणार नाही.

१३ नोव्हेंबर
कॅमेरा अकरा. “वाट. बांबू. बाई एक. मान वळवलेली.”

कंट्रोलचं बटण दाबलं की रीडर मधेच गप्प होतो. दाबलं. कोणाला बोलावलं नाही. ‘रिकामे’ लिहून पुढे गेले.

दुपारी सुगंधाबाईंना सहज विचारलं की त्या वाटेने बायका जातात का. त्यांच्या हातातलं सूप थांबलं. म्हणाल्या, आधी जात होत्या. आणि पुन्हा पाखडायला लागल्या.

१६ नोव्हेंबर
कॅमेरा आठ.

“बाई एक. समोरून. तोंड उघडे.”

बटण दाबलं. तोंड उघडे म्हणजे काय करते ती? हसते? चौदा, अकरा, आठ. ती इकडे येते आहे.

ऑफिसात एकटी होते. भर दुपार. मागे कुठेतरी काचेच्या बांगड्या वाजल्या. सुगंधाबाई असतील म्हणून हाक मारली, तर त्यांनी विहिरीवरून ओ दिली.

‘रिकामे’ लिहिलं.

१८ नोव्हेंबर
काल सर आले होते. मी त्यांना सांगणार होते, पण सांगितलं नाही. काय सांगू — की दिसत नाही तिला दिसतंय?

आईला फोन लावला. नुसतं जेवणाचं बोलले.

१९ नोव्हेंबर
कॅमेरा पाच.

“बाई एक. जवळून. दोन्ही हात वर. तोंड —”

पूर्ण ऐकलं नाही. ऐकणारही नाही. रिकामे, रिकामे, रिकामे.

२० नोव्हेंबर
सकाळी सुगंधाबाई आल्या नाहीत.

सरपण संपलं होतं. येता येता वाटेतून आणते, असं त्या काल म्हणाल्या होत्या. पाच नंबरची वाट.

दहा वाजता कोलूभाऊ आणि गावातले लोक शोधायला गेले. बारा वाजता परत आले. मग कोलूभाऊ माझ्या पायाशी खालीच बसले. म्हणाले, “वाघानं नेली, ताई.”

२२ नोव्हेंबर
सरांनी सगळे फोटो उघडून पाहिले. अकरा, आठ, पाच. तिन्ही फोटोंत वाघ आहे. तिन्हींपुढे माझं ‘रिकामे’.

सर आवाज न चढवता बोलले. एकदाच विचारलं, “दिव्यानी, तू हे ऐकलं नव्हतंस का?”

मी म्हटलं, नाही. बाईपर्यंत ऐकलं. मग बंद केलं.

ते म्हणाले की बाई कुठल्याच फोटोत नाही.

२३ नोव्हेंबर
कोलूभाऊंनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी सुगंधाबाईंची धाकटी जाऊ कलाबाई त्याच वाटेवर, पार आत, गेली. वाघच होता. त्याचा फोटो आदल्या दिवशी निघाला होता, पण कार्ड ऑफिसात पडून राहिलं. वाचणारं कोणी नव्हतं.

मशीनची बाई तोंड उघडून हसते असं मला वाटलं होतं, तेही मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “हसत नसंन ती. वरडून राह्यली असंन.”

आज मी तिन्ही वर्णनं शेवटपर्यंत ऐकली. “समोरून. तोंड उघडे. मागे वाघ एक.” “दोन्ही हात वर. तोंड उघडे. मागे वाघ एक.” एवढंच होतं. तीन शब्द आणखी ऐकायचे होते.

२५ नोव्हेंबर
वाघ गावाभोवतीच फिरतोय. सरांनी पडवीच्या खांबावर नवा कॅमेरा लावला, तोंड ऑफिसच्या दाराकडे. याला कार्ड काढावं लागत नाही, फोटो थेट कॉम्प्युटरवर येतात. मी सोडून जाते म्हणाले. सर म्हणाले, परवा जीपने घरी जा, तोवर बाहेर पडू नकोस.

जेवण जात नाही. चुलीपाशी जाऊन उभी राहते आणि परत येते.

२६ नोव्हेंबर
कॅमेरा दोन. कोलूभाऊंनी कार्ड आणलं. ते शेजारी बसले असतानाच ऐकलं.

“वाट. बाई दोन. समोरून. दोघींची तोंडे उघडी.”

कोलूभाऊ फोटो पाहत राहिले. म्हणाले, वाट आहे नुसती. मग म्हणाले, दुसरी कशी आहे ते मशीन सांगते का. मी नाही म्हटलं. ते उठून बाहेर गेले. पडवीत रडत होते.

२७ नोव्हेंबर, सकाळी अकरा
सर आणि कोलूभाऊ पिंजरा लावायला गेलेत. जीप साडेबाराला येईल. बॅग भरून झाली. दार लावलं, कडी घातली, हाताने दोनदा चाचपून पाहिलं.

पडवीतला कॅमेरा फोटो पाठवतोय. रीडर वाचतोय — “चित्र. पडवी. दार बंद.” ठीक आहे.

११.२०
“पडवी. दार बंद. बाई दोन.”

शेवटपर्यंत ऐकलं. पुढे काही नाही. वाघ नाही.

बांगड्या. दाराबाहेर. मग —

सरांचा फोन लागत नाही.

११.२६
“पडवी. दार बंद.” बाया नाहीत. कुठे गेल्या —

आत ओल्या गवताचा वास येतोय.

११.३१
कडी वाजली. मी हात लावलेला नाही. मी टेबलाशी आहे, मी हललेच नाही —

वारा लागतोय तोंडाला.

फोटो आला. वेग कमी केलाय. एक शब्द सुटू द्यायचा नाही. तो बोलतोय तसं लिहिते —

“चित्र. खोली. दार उघडे. टेबल. बाई तीन. एक बसलेली. दोन उभ्या, तिच्या दोन्ही बाजूंना. दोघींची तोंडे उघडी. दोघींचे हात दाराकडे. दारात