न उडालेली सत्तर मिनिटं

मंगळवार, कांदिवली

उद्या सकाळी ग्लेंडाची फ्लाइट टेस्ट. माझीच विद्यार्थिनी, म्हणून आज तिच्या लॉगबुकमधले तास फ्लाइंग क्लबच्या रजिस्टरशी ताडून बघायला बसले. लायसन्सला लागतात त्यापेक्षा अर्धा तास जास्तच भरत होता. वही मिटणार तेवढ्यात जानेवारीतली एक ओळ दिसली. तिच्यासोबत मी, सत्तर मिनिटं, पुढे माझी सही. रजिस्टरमध्ये मात्र त्या दिवशी एकही विमान उडालेलं नाही.

आणि मला तो दिवस आठवतो ना. धुकं हटलंच नाही. आम्ही दोघी विमानाच्या पंखाखाली बसून तिच्या आईने तळलेले फुगे, म्हणजे मैद्याचे गोड गोळे, खात होतो.

ग्लेंडाला फोन केला. म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या दिवशीचं फ्लाइंग आम्ही आधीच पेन्सिलने लिहून ठेवतो. नंतर सगळ्यावर एकदम पेन फिरवलं. तुमची सही झाली, मग मला वाटलं बरोबरच असणार."

खोटं बोलत नव्हती. शनिवारी सगळ्यांच्या वह्या एकदम पुढ्यात येतात आणि मी नुसती पानं उलटत सह्या करते. फुगे आठवतात, मग सही करताना का नाही आठवले?

"त्या ओळीवर रेघ मार, बाजूला मी सही करते. मग तास कमी पडतात, टेस्ट पुढे ढकलावी लागेल," म्हटलं. रडली नाही. एवढंच विचारलं, "बाकीच्यांच्या वह्या पण बघणार?"

बघेन म्हटलं. पण मी अशाच सह्या केलेल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्या आता माझ्याकडे येत नाहीत. ते प्रवासी घेऊन उडतात.