भिंतीत अडकलेली लेन्स आणि उरलेला एक फोटो

मी, खाली सही करणारा, धंद्याने चष्मेवाला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नीची हरकत त्याच दाखल्याच्या मागच्या बाजूला लिहिली आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. दोन्ही आजही तिच्याच ताब्यात असल्याने हस्तांतराचा त्रास पडू नये.

२. दुकानातला डोळे तपासायचा तक्ता आमच्या इमारतीच्या अध्यक्षांना. जिन्यात समोरासमोर येऊनही मी त्यांना कधी दिसलो नाही.

३. हाताने फिरवायची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स धाकट्या भावाला. इथे खुलासा आवश्यक आहे.

आमच्या लग्नात फोटोंचं काम धाकट्या भावाकडे होतं. "नीट आलेत का बघतो," म्हणून त्याने कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. सगळा रोल उजेडात गेला. सबब लग्नाचा एकही फोटो नाही. तेव्हापासून पत्नीचा एक बरा फोटो मिळवण्याची माझी खटपट चालू आहे. कॅमेरा दिसला की ती पासपोर्टवाला चेहरा करते, म्हणून नकळत टिपायला ही लेन्स घेतली. पण सहा फुटांच्या आतलं या लेन्सला स्पष्ट दिसत नाही, स्वयंपाकघर पाच फुटांचं आणि दारातून फोटोत येतो फक्त फ्रिज. तेव्हा बाहेरच्या खोलीतून भिंतीला भोक पाडून लेन्स आत सरकवली. भिंतीची जाडी धरून सहा फूट भरतात. खिडकीचं ऊन काचेवर पडू नये म्हणून पलीकडून लेन्सच्या तोंडाला हूड बसवलं. ते भोकापेक्षा मोठं. तेलकट वाफेने हूड लेन्सला आणि लेन्स भोकात असं घट्ट बसलं की आता लेन्स ना इकडे येते ना तिकडे जाते. शिवाय झूमची कडी फिरल्याची करकर ऐकू आली की पत्नी पुन्हा पासपोर्ट.

वकील म्हणाला, "काका, भिंतीत पक्की बसली म्हणजे स्थावर झाली. घर एकाला आणि लेन्स दुसऱ्याला कशी देणार?"

मेहुणा गवंडी आहे. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही फक्त डोळे मिटा. दुसऱ्या दिवशी सिमेंट भरतो."

४. तरी लेन्स भावालाच, आहे त्या जागी. भिंत पत्नीची. खालचं कलम पार पडेपर्यंत मेहुण्याने थापी बाहेर काढू नये.

५. कॅमेऱ्यातल्या रोलवर एकच फोटो काढायचा उरला आहे. हे मृत्युपत्र स्वयंपाकघरात मोठ्याने वाचावं. पत्नीने खिडकीशी बसावं, भावाने बाहेर कॅमेऱ्याला डोळा लावावा. आधी झूम पूर्ण वाढवून तिच्या डोळ्यांवर फोकस लावावा, मग झूम कमी करून खांदे आत घ्यावेत आणि थांबावं. हे कलम ऐकून ती भोकाकडे रागाने बघेल. तेव्हा खटका दाबावा. रागावलेली ती फार छान दिसते. मागच्या झाकणाला मी चिकटपट्टी लावली आहे. भाऊ, पट्टीला हात लावशील तर बघ.

हे लिहिताना पत्नी मागे उभी होती. म्हणाली, "तुम्ही गेल्यावर मी रागावेन, हे कोणी सांगितलं?"

"मग काय करशील?"

ती लेन्सची काच पुसायला गेली. भांड्यांच्या फडक्याने.

ठिकाण: बाहेरची खोली, भिंतीच्या अलीकडे
दिनांक: ९ मार्च

सही: चष्मेवाला

साक्षीदार:
१. समोरचा शिंपी
२. मेहुणा (सही केली, भोक मंजूर नाही)

लाभार्थ्याची सही साक्षीला चालत नाही असं सांगूनही पत्नीने पुढील मजकूर लिहून सही केली:

"खटका दाबण्याआधी भाऊजींनी हाक मारावी. मला केस नीट करायचे असतील."