धाकट्याचं गोड बोलणं

सोमवार, ३
आज पुन्हा! धाकटा भाऊ चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी हजर. आवाज अगदी मऊ. "दादा, एकदा डोळे दाखवून घेऊ. काही नाही निघालं, तर मी परत विषय काढणार नाही." भांडला असता तर परवडलं असतं! वीस वर्षं कापड कापतो मी, शिवतो तो. कात्री ज्याच्या हातात, दुकान त्याचं — हे त्याला काय कळत नाही? केसानं गळा कापतोय, दुसरं काय.

बुधवार, ५
हीसुद्धा त्याच्याच बाजूची! "भावजी इतकं समजुतीनं सांगताहेत, तर जाऊन या ना." म्हणजे माझ्यामागे खलबतं झालेली दिसतात. म्हटलं, माझे डोळे ठणठणीत आहेत. सुईत दोरा ओवून दाखवला. चौथ्या खेपेला.

गुरुवार, ६
आज नवीन सूर. "ऑपरेशन झालं तरी कात्री तुझीच, दादा. मला शिवणंच आवडतं." एवढं कोण सोडतं हो? दाल में काला!

शनिवार, ८
काळ्या कोटाचं कापड कापलं. प्रत्येक तुकड्याच्या आतल्या कडेला पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घातला. मी कापलेलंच शिवतो का, बघू आता.

सोमवार, १०
कोट शिवून टांगलाय. अस्तर थोडं उसवून पाहिलं. पाठीत माझा टाका आहे, बाह्यांत नाही! सापडला लबाड! माझं काम फेकून स्वतःचं घुसडतो, आणि उद्या म्हणेल, कोट मीच कापला.
पण आधी पुरावा हवा.

मंगळवार, ११
तो बटणं आणायला गेला तेव्हा त्याच्या मशीनखालचा खण उघडला. माझा टाका घातलेल्या दोन बाह्या मिळाल्या.
दोन्ही डाव्या.
काळ्या कापडाची सुलट-उलट बाजू मला दिसलीच नव्हती! खाली आणखी गाठोडं — वाकड्या कॉलरी, कोटांचे आखूड पुढचे भाग, दोन्ही पाय उजवेच कापलेल्या दोन विजारी. सगळं माझंच. किती महिने हा गुपचूप नवं कापड आणून माझं झाकतोय! आणि मला नुसतं "डोळे दाखवून घेऊ" एवढंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खण होता तसा लावला.

बुधवार, १२
कात्री धाकट्याच्या मशीनवर ठेवली. त्यानं ती उचलून परत माझ्या टेबलावर ठेवली. "आल्यावर तुला लागेल." त्याच मऊ आवाजात. मी चपला घातल्या.