घर अनुयाला, तक्रार ऋषीला

मी, नंदन यशवंत टिपणीस, वय वर्षे एक्क्याऐंशी, निवृत्त यांत्रिकी अभियंता, राहणार लंडन, ऑन्टारिओ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते तपासण्यासाठी डॉक्टरांनी मला घड्याळाचे चित्र काढायला सांगितले होते. ते मी काढले आणि काटेही बरोबर जागी दाखवले. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. उलट, जिला यातून सर्वांत जास्त मिळायचे आहे तिनेच ते मिळू नये म्हणून खटपट केली. तो प्रकार योग्य जागी येईल. याआधी केलेली मृत्युपत्रे मी रद्द करतो. वकील संजय पोतनीस यासोबत इंग्रजी भाषांतर जोडतील आणि माझ्यामागे याची अंमलबजावणीही तेच करतील. भाषांतरात काही गाळले गेल्यास मराठी मजकूर खरा धरावा.

१. माझी माणसे. पत्नी शोभा दहा वर्षांपूर्वी वारली. मुलगा ऋषी व्हँकुव्हरला असतो. अनुया ही ऋषीची पूर्वीची पत्नी आणि ईरा त्या दोघांची मुलगी. घटस्फोटानंतर ऋषी पश्चिमेला गेला. अनुयाची हॉस्पिटलातली नोकरी आणि ईराची शाळा इथे होती, म्हणून त्या दोघी याच घरात राहिल्या. सून सासऱ्याकडे आणि मुलगा परगावी, हे कसे काय, असे इथल्या मराठी मंडळींनी मला पुष्कळदा विचारले. त्यात सांगण्यासारखे फारसे नाही. कुणी कुणाला जा म्हणाले नाही.

२. बचत. बँकेतील ठेवी आणि गुंतवणूक यांचे दोन समान भाग करावेत. एक ऋषीला, एक ईराच्या शिक्षणाला. ईराने काय शिकावे यावर माझी अट नाही. ती अभियांत्रिकी घेणार नाही असे तिने मला आधीच इंग्रजीतून कळवले आहे.

३. हत्यारे. बेसमेंटमधली हत्यारांची पेटी मला मित्र विश्वनाथ रेगे याला द्यायची होती. वकिलांनी हरकत घेतली. विश्वनाथ या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. दिले तरी ते रद्द होते, असा इथला कायदा आहे. तेव्हा पेटी मी त्याला जिवंतपणीच देऊन टाकली. मोटार घेताना त्याने मला दुसऱ्या कंपनीची घ्यायला सांगितले होते आणि तेव्हापासून तो दर भेटीत "मी सांगितलं होतं" म्हणतो. पेटीच्या बदल्यात त्याने ते वाक्य सोडले आहे.

वकील हा कायदा समजावत होते तेव्हा अनुया चहा घेऊन आली होती. तिने तो नीट ऐकला. हे मुद्दाम नोंदवतो.

४. मोटार. माझी राखाडी मोटार, तिच्या विंटर टायर्ससह, अनुयाला. दर रविवारी हूड, म्हणजे बॉनेट, उघडून डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बघायची, ही सूचना मी लिहिणार होतो. पण मला ती सवय तिनेच लावली, म्हणून खोडली.

५. तेलाचे प्रकरण. हे कलम लांब आहे. वकिलांच्या मते ते इथे नको. माझ्या मते सातवे कलम याच्यावरच उभे आहे, म्हणून ते राहील.

मोटार घेतल्याला दोन वर्षे होत होती. आम्ही रिचमंड हिलला एका साखरपुड्याला निघालो होतो. अनुया चालवत होती. महामार्गावर इंजिन खडखडू लागले. तिने गाडी कडेला घेऊन डिपस्टिक काढली, तर टोकाला जेमतेम ओल. इंजिनात तेल जवळजवळ नव्हतेच आणि डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नव्हता. तेलाचा दिवा दाब दाखवतो, तेल किती आहे ते दाखवत नाही, असे कंपनीने मागाहून कळवले. म्हणजे दिवा लागेपर्यंत इंजिन गेलेले असते. एवढ्या एका बाबतीत कंपनीचे उत्तर स्पष्ट होते.

पुढचा पत्रव्यवहार आणि फोन अनुयाने केले. मोटारीच्या पुस्तकात लिहिले होते की तेलाबाबत शंका असल्यास डीलरला विचारावे. डीलर म्हणाला, कस्टमर केअरला विचारा. कस्टमर केअर म्हणे, पुस्तकात पाहिलंत का? दर खेपेला नवा माणूस असे आणि त्याला सगळे पहिल्यापासून सांगावे लागे. तीही ते पहिल्यापासून सांगे, काल सांगितलेले आज जराही न बदलता.

मी चाळीस वर्षे कारखान्यांत काढली. बैठकांतून मोठे हुशार लोक पाहिले. त्यांतल्या बहुतेकांना एक गोष्ट जमत नसे आणि ती अनुयाला जमते. ती आपला प्रश्न बदलू देत नाही. कंपनीची सगळी करामत त्यातच होती. तुम्ही विचारायचे तेल कुठे जाते. त्यांनी सांगायचे किती जाणे नेहमीचे समजतात. तुम्ही त्या 'किती'वर वाद घालू लागलात की तुमचा प्रश्न गेला. अनुया शांतपणे म्हणे, "थँक्यू. मी विचारलं होतं, ते कुठे जातं." पलीकडे वाट पाहण्याचे संगीत लागे. ते संपेपर्यंत ती पोळ्या करी.

मोटार माझ्या नावावर असल्याने दर फोनला मला बोलावून परवानगी घेत. एकदा कस्टमर केअरमधल्या मुलाने अनुयाला विचारले, मालकाशी तुमचं नातं काय? घटस्फोट नुकताच झाला होता. सून म्हणून टाकली असती तर कुणाला कळणार होते? ती म्हणाली, "ते माझे सासरे आहेत. त्यांच्या मुलाशी माझा घटस्फोट झालाय." मुलाने बराच वेळ काही शोधले आणि सांगितले की यादीत तसे नाते नाही, म्हणून 'इतर' असे घालतो. तिने चालेल म्हणून सांगितले. मला ते चालले नाही, पण फोन तिच्या हातात होता.

अखेर कंपनी चाचणीला तयार झाली. डीलरने तेल भरून डिपस्टिकवर आणि झाकणावर कागदी सील लावले. दोन हजार किलोमीटर चालवायचे आणि सील न मोडता परत आणायचे. तेल ठरल्यापेक्षा जास्त कमी झाले असेल तर नवे इंजिन, वॉरंटीत, फुकट.

चाचणी चालू असताना खंडेनवमी आली. शोभा त्या दिवशी बेसमेंटमधली हत्यारे पुजून मग मोटारीचे हूड उघडी आणि इंजिनाला हळदकुंकू लावी. शोभा गेल्यावर हे अनुया करू लागली. तिने ड्राइव्हवेत हूड उघडले, कुंकू लावले, कुंडीतल्या झेंडूची छोटी माळ घेतली आणि ती अडकवायला जागा शोधली. इंजिनावर माळ अडकेल अशी एकच वस्तू असते. डिपस्टिकची कडी. सील फाटले.

विश्वनाथ त्या दिवशी जेवायला होता. त्याने फाटलेला कागद पाहिला आणि सांगितले, "थोडा गोंद लाव, कोण बघतंय?" खोटे कशाला बोलू, मलाही तेच सुचले होते. अनुयाने दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीला फोन करून सील आपण फाडल्याचे सांगितले. हूड का उघडलंत, असे तिकडच्या बाईने विचारले. अनुया म्हणाली, आम्ही वर्षातून एक दिवस यंत्रांचे आभार मानतो. त्या बाईने नोंदवले: ग्राहकाकडून छेडछाड. चाचणी रद्द झाली.

दुसरी चाचणी झाली. तेल प्रमाणाबाहेर जाते हे सिद्धही झाले. पण तोवर किलोमीटर वॉरंटीच्या पलीकडे गेले होते. कंपनीने खेद व्यक्त केला आणि एकदा तेल फुकट बदलून देण्याचे कूपन पाठवले. मी ते फाडणार होतो. अनुयाने ते वापरले. चांगले तेल होते, म्हणाली.

त्या संध्याकाळी मी तिला बोललो. "गप्प बसली असतीस तर आज नवं इंजिन असतं."

"असतं ना, बाबा. मग पुढच्या खंडेनवमीला त्याच्यापुढे कुठल्या तोंडाने उभी राहिले असते?"

तिचे हे वाक्य इथे जसेच्या तसे उतरवले आहे.

कंपनीतही भली माणसे होती हे लिहायला हवे. कंपनीच्या लव्हाल गावातल्या कचेरीतल्या एका बाईंनी फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत सांगितले, मादाम, माझी गाडी असती तर मी डिकीत तेलाची बाटली ठेवली असती. एवढ्या फोनांत कामाचे वाक्य हेच. रेकॉर्डिंग चालू असते म्हणून अनुयाने त्यांचे नाव विचारले नाही. त्यांच्या सल्ल्याने ते जुने इंजिन आजही चालते आहे. त्या इंजिनाबद्दलही माझ्या मनात आदर आहे. उपाशीपोटी इतके काम मीही केले नसते.

६. तक्रार. कंपनीकडची माझी तक्रार अजून उघडी आहे. ती मी बंद करू दिली नाही. तेल कुठे जाते याचे उत्तर मिळालेले नाही. ही तक्रार, तिचा क्रमांक आणि तिच्यावरचा माझा सगळा राग मी मुलगा ऋषी याला देतो. त्याला लहानपणापासून समोरच्याचे बोलणे पुरे ऐकायची सवय नाही. इथे ती लागेल.

७. घर. लंडनमधील राहते घर, आतल्या सर्व सामानासह, मी अनुयाला देतो. ती माझी सेवा करते म्हणून नव्हे. सेवेचे मोल करायला बसलो तर तिचा अपमान होईल. पाचव्या कलमात जे लिहिले तशा माणसाच्या हाती घर असावे असे मला वाटते, एवढेच कारण. वकिलांनी विचारले, नाते काय लिहू? मी सांगितले, घरची.

अनुयाला हे नको होते. तिसऱ्या कलमातला कायदा ऐकल्यावर दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, दुसरा साक्षीदार कशाला शोधता, मी करते सही. मी खुश झालो. वकिलांनी फोनवर विचारले, "काका, तिने सही केली तर घर जाईल, हे तिला माहीत आहे ना?" मी तिच्याकडे पाहिले. तिला माहीत होते. सही तिला त्यासाठीच करायची होती.

मी विचारले, लोक काय म्हणतील म्हणून? घरासाठी राहिली म्हणतील?

"म्हणतीलच. ते मी ऐकून घेईन." मग तिने विचारले, "ऋषीला माहीत आहे?"

मी नाही म्हणालो. माझ्यामागे वकिलांच्या पत्रातून कळेल.

"बाबा, एक कागद फाटला तर मी परक्या कंपनीला फोन करून सांगितलं. तुम्ही स्वतःच्या मुलाला सांगणार नाही? त्याला असं कळणार असेल तर मला हे घर नको. मग साक्षीदार मीच होईन."

एवढे बोलून ती कामावर गेली. इतक्या वर्षांत ती मला रागावलेली मी तेवढीच पाहिली.

दुपारी मी ऋषीला फोन केला. पहिल्या कलमापासून सातव्यात तोवर लिहिले होते तिथपर्यंत सगळे वाचून दाखवले. तो मध्ये बोलला नाही, याची नोंद घ्यावी. मग म्हणाला, "वाईट वाटतंय, बाबा. वाटत नाही असं म्हणणार नाही. पण मी याच्यावर कोर्टात जाणार नाही. तुमच्याशी नाही आणि तिच्याशी तर नाहीच." थोड्या वेळाने त्याने विचारले, "तिला तुम्ही सांगणार की मी सांगू?"

मी म्हणालो, तू सांग.

फोन ठेवण्याआधी त्याने तक्रारीचा क्रमांक मागून घेतला. मला माझा मुलगा चांगलाच आहे असे नेहमी वाटत आले. त्या दुपारी तशी खात्री झाली.

संध्याकाळी त्याचा फोन अनुयाला आला. ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतले. ईरा जिन्यावर बसली होती. तिने मला खुणेनेच गप्प राहायला सांगितले. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही आणि ते कुणी मला सांगूही नये. दार उघडले तेव्हा अनुयाचे डोळे लाल होते, पण आवाज रोजचाच होता.

"साक्षीदार दुसरा बघा, बाबा," ती म्हणाली.

८. शेवटचे. दहन इथेच करावे. अस्थी घेऊन कुणी विमानप्रवास करू नये. इथल्या नदीलाही पाणी आहे. सभा घेतल्यास ती वेळेवर सुरू करावी.

वरील आठ कलमे मी माझ्या खुशीने लिहिली. आज सकाळी दोन्ही साक्षीदारांच्या समोर ती मोठ्याने वाचली आणि त्यांच्या देखत सही केली. त्या दोघांनी माझ्या आणि एकमेकांच्या देखत सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळत नाही. अनुया त्या वेळी खोलीत नव्हती.

नंदन यशवंत टिपणीस

साक्षीदार पहिला: विश्वनाथ रेगे, लंडन
साक्षीदार दुसरी: माधवी विश्वनाथ रेगे, लंडन

स्थळ: लंडन, ऑन्टारिओ
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५